वीजबिल अचानक अडीच पट! तक्रार करण्याआधी काय काय तपासावं?

नीलमोहर
नमस्कार मंडळी,
या वेळचं वीजबिल हातात घेतलं आणि आधी वाटलं, दुसऱ्याच कुणाचं आमच्या दारात पडलंय. पण नाव आमचं, ग्राहक क्रमांक आमचा. रक्कम मात्र नेहमीच्या अडीच पट.
घरात आम्ही दोघं, मुलगा आणि सासूबाई. एसी नाही. तीन पंखे, फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन, १५ लिटरचा एक गीझर, आणि दिवे सगळे एलईडी. नवीन काही घेतलं नाही, कुणी राहायला आलं नव्हतं. एरवी दीडशेच्या आसपास युनिट येतात, या वेळी ३१८ आलेत.
नवरा म्हणतो मीटरच बिघडलाय, बदलून मागू. सासूबाईंचा संशय फ्रिजवर आहे. कार्यालयात फोन केला तर "वापर वाढला असेल" एवढं बोलून ठेवून दिला. वापर वाढलेला नाही हे मला पक्कं माहीत आहे, पण ते दाखवायचं कसं हे कळत नाहीये. तक्रार करायची तर आधी घरच्या घरी काय तपासून हातात ठेवावं? कुणी या चक्रातून गेलं असेल तर कृपया लिहा.

टकमक
+१. आमचंही वाढलंय. वाचतेय.

गप्पिष्ट
नीलमोहर, रक्कम तूर्त बाजूला ठेवा आणि बिलावर चार गोष्टी बघा: मागील रीडिंग, चालू रीडिंग, मीटर क्रमांक आणि बिल किती दिवसांचं आहे ते. मग खाली जाऊन मीटरवरचा क्रमांक आणि आजचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. बिलातला आकडा मीटरपेक्षा पुढे असेल तर विषय तिथेच संपला, रीडिंग चुकीचं घेतलंय. फोटो काढा आणि द्या पाठवून.
मीटर क्रमांक जुळवून बघणं सोडू नका. आमच्या इमारतीत दोन घरांच्या मीटरची अदलाबदल झाली होती. वरच्या मजल्यावरचं बंद घर आणि खालचं भरलेलं घर. बंद घराच्या मालकाला दर महिन्याला भरघोस बिल जायचं आणि खालच्या घराला नावापुरतं. बिचारे मालक परगावी असायचे, त्यांच्या लक्षात यायला फार उशीर झाला.

अबोली
"सरासरी" असं काही लिहिलंय का तेही बघा. आमच्याकडे मीटरची खोली कुलूपबंद असायची, म्हणून काही महिने अंदाजे बिल येत होतं, खऱ्या वापरापेक्षा कमी. मग एकदा प्रत्यक्ष रीडिंग झालं आणि सगळा फरक एकाच बिलात आला. युनिट खरे होते, त्याबद्दल तक्रार नव्हती. पण पाच महिन्यांचे युनिट एका महिन्यात धरल्याने ते वरच्या टप्प्यात गेले आणि वरचा दर लागला. हा अन्याय आहे. मी अर्ज दिला की हे युनिट त्या त्या महिन्यांत विभागून टप्पे लावा. जुन्या बिलांच्या प्रती जोडल्या. पाठपुरावा करावा लागला, पण बिल दुरुस्त करून मिळालं.

नीलमोहर
सगळ्यांचे आभार. आत्ताच खाली जाऊन आले. क्रमांक जुळतो. मीटरवरचा आकडा बिलातल्या चालू रीडिंगच्या थोडा पुढे आहे, म्हणजे रीडिंग बरोबरच असावं. सरासरी वगैरे नाही. दिवस ३४ आहेत.

विद्युल्लता
३४ दिवस ही पहिली कडी मिळाली. दीडशे युनिट ३० दिवसांचे धरले तर रोजचे पाच. ३४ दिवसांचे १७० होतात. म्हणजे काहीही न बिघडता वीस युनिट तसेच वाढले असते. आता उरलेल्या १४८ युनिटचा शोध घ्यायचा. १४८ भागिले ३४, रोजचे साधारण साडेचार युनिट कुणीतरी खातंय.
रक्कम युनिटपेक्षा जास्त पटीने का वाढली याचं उत्तर अबोलीने दिलंच आहे. टप्प्यांचे दर चढते असतात, त्यामुळे वाढीव युनिट सगळ्यात महाग दराने मोजले जातात. तुमच्याकडे बिलाचे दिवस जास्त असतील तर टप्प्याची मर्यादा त्या प्रमाणात वाढवून धरली आहे का, हे बिलाच्या हिशोबात जरूर बघा. ते सहसा कुणी बघत नाही.

रानवारा
माझं मत थोडं वेगळं आहे. नवे डिजिटल मीटर बसल्यापासून घरोघरी बिलं वाढलीत, आणि ग्राहकालाच सांगतात की तुझं घर तपास. मीटर त्यांचा, रीडिंग त्यांचं, हिशोबही त्यांचाच, मग पुरावा आपण का गोळा करायचा? नीलमोहर, सरळ मीटर तपासणीचा अर्ज द्या. शुल्क भरावं लागलं तरी भरा. तो तुमचा हक्क आहे.

वायरमनकाका
रानवारा, हक्क आहेच, त्यात वाद नाही. पण इतकी वर्षं हातात टेस्टर घेऊन फिरतोय, त्यावरून सांगतो. दुप्पट बिलाच्या तक्रारीत मीटर दोषी निघण्याचे प्रसंग थोडे आणि वायरिंग किंवा एखादं उपकरण दोषी निघण्याचे पुष्कळ. जुन्या चकतीच्या मीटरची चकती घर्षणाने मंदावायची, बारीकसारीक लोडवर तर हलायचीही नाही. नवा मीटर तेवढंही मोजतो, म्हणून बदलल्यावर बिल थोडं वाढतं हे खरं. पण थोडं. दीडशेचे तीनशे त्याने होत नाहीत.

नीलमोहरताई, आता कागद-पेन घ्या. ही तपासणी फुकट आहे आणि कुठलीही वायर उघडावी लागत नाही.
मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. त्याच्याजवळ ३२०० किंवा १६०० असा आकडा छापलेला असतो. एक युनिट होईपर्यंत तो दिवा तितक्या वेळा लुकलुकतो.
पहिली पायरी. घरातली सगळी उपकरणं बंद करा. नुसती बटणं नाही, फ्रिज, टीव्ही, राउटर, सगळ्यांचे प्लग काढा. इन्व्हर्टर असेल तर त्याचाही. मेन स्विच चालूच ठेवा आणि एकाला मीटरपाशी उभं करा. दिवा शांत राहिला तर वायरिंग ठीक आहे, दोष एखाद्या उपकरणात शोधायचा. लुकलुकला तर वीज कुठेतरी जातेय.
दुसरी पायरी. मेन स्विच बंद करा. तरीही लुकलुकतोय? मग मीटर आणि तुमचा मेन यांच्यामध्ये कुणीतरी तार जोडलीय किंवा मीटर खराब आहे. या दोन्ही गोष्टी घराबाहेरच्या, तिथे लेखी तक्रार करायची आणि रानवारा म्हणतात तसा तपासणीचा अर्ज द्यायचा. मेन बंद केल्यावर लुकलुकणं थांबलं तर दोष घरात.
तिसरी पायरी. घरात असेल तर मेन चालू करून बोर्डावरचा एक-एक एमसीबी (प्रत्येक लाइनचा, लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) खाली पाडत जा. ज्या एमसीबीवर दिवा थांबेल, त्या लाइनवर चोर आहे.

टकमक
हा धागा वाचणारे सगळे आज रात्री टॉर्च घेऊन आपापल्या जिन्यात भेटणार आहेत :)

अनुस्वार
सासूबाईंचा फ्रिजवरचा संशय अगदीच निराधार नाही बरं का. आमच्या फ्रिजमधला गॅस हळूहळू गळत होता. आत गारवा बऱ्यापैकी असायचा, त्यामुळे शंका आली नाही. पण कॉम्प्रेसर थांबतच नव्हता. १५० वॉटचा कॉम्प्रेसर चोवीस तास चालला तर दिवसाला ३.६ युनिट, महिन्याला १०८. रात्री सगळं शांत झालं की फ्रिजजवळ थोडा वेळ बसा. चांगला फ्रिज मध्येच गप्प होतो, मग पुन्हा सुरू होतो. सतत घुरघुरत असेल तर तंत्रज्ञाला बोलवा. दाराचं रबर बघायला त्यात कागद अडकवून दार लावा. कागद सहज ओढून निघाला तर रबर सैल झालंय.

पारिजात
आणि पंखे? तीन पंखे आहेत ना?

विद्युल्लता
पारिजात, साधा छताचा पंखा ७५ वॉटचा धरा. रोज बारा तास चालवला तर महिन्याला २७ युनिट. नवा बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास असतो, त्याचे अकरा होतात. पंखे बदलले तर कायमची बचत होते, मी स्वतः तेच सुचवेन. पण पंखा अचानक दुप्पट वीज खात नाही. नीलमोहरचा प्रश्न अचानक वाढलेल्या बिलाचा आहे, त्यामुळे गेल्या महिन्याभरात जे बिघडलं तेच शोधायला हवं.

झुळूक
मला कुणीतरी ती प्लगला लावायची वीज वाचवणारी डबी सांगितली होती. लावली की म्हणे तीस टक्के बिल कमी. कुणी वापरलीय का?

विद्युल्लता
झुळूक, कृपा करून घेऊ नकोस. त्या डबीत एक कपॅसिटर असतो. मोटरसारख्या लोडमुळे पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा, घसरतो, तो कपॅसिटर सुधारतो, हे शास्त्र खरं आहे. कारखान्यांत त्यासाठी कपॅसिटर बसवतातही, कारण तिथे पॉवर फॅक्टरचा बिलाशी थेट संबंध असतो. घरगुती बिल सहसा युनिटवर, म्हणजे किलोवॉट-तासांवर येतं. पॉवर फॅक्टर सुधारला तरी ते युनिट तेवढेच राहतात. उलट डबीवरचा दिवा चोवीस तास जळतो, तेवढी भर.

गप्पिष्ट
माझ्या भाच्याने एक उघडून बघितली होती. आत एक कपॅसिटर, बोटभर सर्किट आणि हिरवा दिवा. डबी हाताला जड लागावी म्हणून तळाशी काहीतरी भरलेलं होतं. लोकांच्या अडचणीवर असा धंदा करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

रानवारा
अवांतर: मीटरवर विश्वास का ठेवायचा हा प्रश्न मुळापासूनचा आहे. एडिसनच्या काळात मीटरमध्ये जस्ताच्या पट्ट्या द्रावणात बुडवून ठेवत. विजेचा ठरावीक हिस्सा त्यातून जायचा, एका पट्टीवरचं जस्त दुसरीवर चढायचं. महिन्याच्या शेवटी कंपनीचा माणूस पट्ट्या घेऊन जायचा, वजन करायचा आणि बिल ठरवायचा. ग्राहकाला काही दिसायचंच नाही. आजही बऱ्याच घरांत परिस्थिती तीच आहे, कारण मीटर कुलुपात आणि आकडे कसे वाचायचे हे कुणी शिकवत नाही.

वायरमनकाका
रानवारा, ही माहिती माझ्यासाठी नवीन, छान लिहिलंत. आणि याच कारणासाठी म्हणतो, मीटर वाचायला शिका. बटण दाबलं की पडद्यावर एकामागून एक आकडे येतात: एकूण युनिट, त्या घडीचा व्होल्टेज, करंट, महिन्यातली सर्वोच्च मागणी. ज्याला हे वाचता येतं त्याला कार्यालयात "वापर वाढला असेल" म्हणून परत पाठवता येत नाही.

चिंचगूळ
हे युनिट मोजणं प्रत्यक्ष जाणवायला हवं असेल तर आंघोळीचं पाणी घ्या. २० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला साधारण ०.७ युनिट लागतो, गीझर कुठलाही असो. चार माणसांच्या आंघोळीला जवळपास तीन युनिट. म्हणजे नीलमोहरच्या रोजच्या पाच युनिटमधले अर्ध्याहून जास्त गरम पाण्याचेच असणार. माझी सुई तरी गीझरकडे जातेय.

जुनाखोड
नीलमोहर, दोन प्रश्न विचारतो, नीट आठवून सांगा. सकाळी गीझरचं बटण लावायच्या आधी त्या नळाला पाणी कोमट येतं का? आणि नळाला किंवा शॉवरला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या येतात का?

नीलमोहर
तुमच्या प्रश्नाने पोटात गोळा आला. हो, पाणी कोमट येतं. आम्ही समजत होतो की गच्चीवरची टाकी उन्हाने तापते. आणि सासूबाईंना आत्ता विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, नळाला हात लावला की मुंग्या येतात खऱ्या, मला वाटलं वयामुळे येत असतील."

वायरमनकाका
ताई, हे वाचाल त्या क्षणी बोर्डावरचा गीझरचा एमसीबी खाली पाडा. गीझरचं बटण बंद करून भागणार नाही. त्यानंतर कोरड्या हाताने, पायात चप्पल घालून प्लग काढा. दुरुस्ती होईपर्यंत त्या न्हाणीघरातल्या धातूच्या नळांना कुणी हात लावू नका, मुलाला आणि सासूबाईंना मुद्दाम सांगा. बिलाचं नंतर बघू.

जुनाखोड
वायरमनकाकांशी शंभर टक्के सहमत. कारण समजावून सांगतो, म्हणजे कुणी हे हलक्यात घेणार नाही. गीझरच्या आतल्या हीटिंग एलिमेंटवर क्षार साचतात, एलिमेंटवरची धातूची नळी फुटते किंवा तिला बारीक भेग पडते, आणि वीज पाण्यात व टाकीच्या धातूत उतरते. अर्थिंग उत्तम असेल तर ती जमिनीत जाते आणि तुमचं फक्त बिल वाढतं. अर्थिंग कमकुवत असेल तर तिचा काही भाग नळाला हात लावणाऱ्या माणसातून जातो. झिणझिण्या आल्या की समजायचं, दुसरी परिस्थिती आहे.

टकमक
अंगावर काटा आला. नीलमोहर, एमसीबी पाडलात का? लगेच कळवा.

नीलमोहर
पाडला. प्लगही काढला. न्हाणीघराला बाहेरून कडी घातली आहे. सासूबाई म्हणतायत एवढं काय झालं, पण मुलाने त्यांना हा धागा वाचून दाखवला, आता गप्प आहेत.
वायरमनकाका, प्लग काढायच्या आधी तुमची पहिली पायरी करून घेतली होती. मुलगा मीटरपाशी, मी वर, दोघं फोनवर. सगळं बंद, फ्रिजचाही प्लग काढलेला, घरात मिट्ट काळोख, आणि खालून तो म्हणतोय, "आई, आत्ता लुकलुकला... आत्ता पुन्हा." मोबाइलच्या घड्याळावर मोजलं तर दर सहा सेकंदांनी. मीटरवर ३२०० लिहिलंय. शिवाय बाजूला दुसरा एक छोटा लाल दिवा आहे, तो लुकलुकत नव्हता, सलग जळत होता. गीझरचा एमसीबी पाडला आणि दोन्ही थांबले.

विद्युल्लता
शाब्बास, मुलालाही सांग! हिशोब बघ कसा जुळतो. ३६ लाखांना मीटरवरचा आकडा आणि दोन लुकलुकांमधले सेकंद यांच्या गुणाकाराने भागायचं, उत्तर वॉटमध्ये येतं. ३२०० गुणिले ६ म्हणजे १९,२००. उत्तर १८७ वॉट. चोवीस तासांचे साडेचार युनिट. वर बिलावरून मी काढलेले वाढीव युनिटही रोजचे साधारण साडेचारच होते. म्हणजे १४८ युनिट या एकाच गळतीत गेलेत. मीटर अगदी बरोबर आहे.

वायरमनकाका
तो सलग जळणारा दिवा अर्थ लीकेजचा. फेजमधून (वीज आणणाऱ्या तारेतून) गेलेला करंट न्यूट्रलमधून (परतीच्या तारेतून) परत येत नसला की तो लागतो. पुष्कळ मीटरवर असतो. लोकांना वाटतं, मीटर चालू असल्याची खूण आहे. जिन्यातून जाता-येता त्याच्याकडे एक नजर टाकत जा सगळे.

झुळूक
पण बटण बंद असताना वीज गीझरपर्यंत पोहोचलीच कशी? हे मला अजून कळलं नाही.

जुनाखोड
झुळूक, अगदी मुद्द्याचा प्रश्न. बटण फेजच्या तारेवर असायला हवं. वायरिंग करणाऱ्याने तारा उलट जोडल्या की बटण न्यूट्रलवर येतं. गीझर नीट असेपर्यंत फरक कळत नाही, बटण दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. पण बटण बंद असतानाही फेज थेट एलिमेंटपर्यंत उभा असतो. एलिमेंट फुटलं की त्याला न्यूट्रल लागत नाही, अर्थिंगमधून वाट मिळते. ताई, माणूस आला की त्याला हे आवर्जून तपासायला सांगा. नाहीतर नुसतं एलिमेंट बदलून तो निघून जाईल.

पारिजात
एमसीबी पडला का नाही मग? ओव्हरलोड झालं की पडतो ना?

विद्युल्लता
१८७ वॉट म्हणजे २३० व्होल्टला ०.८ अँपिअर. गीझरचा एमसीबी १६ किंवा २० अँपिअरचा. त्याच्या दृष्टीने हे काहीच नाही. एमसीबी तारा जळू नयेत म्हणून असतो. माणसासाठी आरसीसीबी असतो. तो गेलेला आणि परत आलेला करंट सतत ताडून बघतो आणि ३० मिलीअँपिअर, म्हणजे ०.०३ अँपिअरचा फरक पडला की क्षणात वीज तोडतो. इथली गळती त्याच्या साधारण सत्तावीस पट होती. आरसीसीबी असता तर गळती सुरू होताच घर अंधारात गेलं असतं, आणि हे बिल आलंच नसतं.

गप्पिष्ट
बारीक गळणाऱ्या नळाखाली बादली ठेवली तर सकाळी ती भरलेली दिसते, विजेच्या गळतीला तशी बादली म्हणजे मीटर. रोज नाही तर आठवड्यातून एकदा आकडा लिहून ठेवायची सवय लावा. आम्ही दाराच्या मागे कागद चिकटवलाय, रविवारी जो खाली जाईल तो आकडा लिहितो. बिल यायच्या आधीच कळतं.

अबोली
गप्पिष्ट, कागदाची कल्पना फार आवडली. उचलली.

दवबिंदू
वेगळा अनुभव लिहिते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. आमच्याकडे मेन बंद करूनही मीटर चालत होता. वायरमनकाकांची दुसरी पायरी. शोध घेतला तर जिन्यातले दिवे आणि पाण्याचा पंप आमच्या मीटरवर! जुनी तार जळाली तेव्हा कुणीतरी तात्पुरती जोडणी केली होती, ती तशीच राहिली. त्यात टाकीचा फ्लोट खराब, पाणी वाहून जायचं आणि पंप चालूच. पंपावर लिहिलेला एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट हा मोटरने दिलेला जोर. ती विजेतून ओढते त्याहून बरंच जास्त. शेजाऱ्यांशी भांडण न होता सगळ्यांसमोर मेन बंद-चालू करून दाखवलं, तेव्हा सर्वांना पटलं आणि सगळ्यांनी मिळून वाढीव युनिट वाटून घेतले.

रानवारा
दवबिंदू, सगळ्यांसमोर करून दाखवलंत हे फार शहाणपणाचं. नाहीतर पिढ्यान्‌पिढ्या बोलणं तुटतं.
नीलमोहर, तुमच्या घरचं निदान झालं याचं समाधान आहे. तरीही माझं म्हणणं मागे घेत नाही. "वापर वाढला असेल" म्हणणाऱ्या माणसाने "मीटरवरचा लीकेजचा दिवा लागलाय का बघा" एवढं एक वाक्य बोलायला हवं होतं. एका घरातल्या चार जणांच्या जिवाचा प्रश्न होता.

वायरमनकाका
याच्याशी मी सहमत. एक वाक्य पुरलं असतं.

नीलमोहर
माणूस येऊन गेला. जुनाखोड, तुमचा अंदाज तंतोतंत. बटण न्यूट्रलवरच होतं. एलिमेंट बाहेर काढलं तेव्हा त्यावर क्षाराचा पांढरा जाड थर, आणि मध्यावर नळीला केसाएवढी उभी भेग, तिच्या कडा काळ्या पडलेल्या. अर्थिंगची तारही बोर्डात सैल होती. एलिमेंट बदललं, तारा सरळ केल्या, अर्थिंग घट्ट केलं आणि मेनजवळ ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घेतला. आता सगळं बंद केल्यावर मीटर एकदम शांत. सासूबाईंच्या हातातल्या मुंग्याही गेल्या.
आता शेवटचं विचारते. हे बिल पूर्ण भरायचं का? नवरा म्हणतो, आपण वापरलेली नाही ती वीज, थोडी तरी सूट मागू.

विद्युल्लता
वीज मीटरमधून गेली आणि घरातल्या दोषामुळे गेली, त्यामुळे युनिट कमी करून मिळतील असं मला वाटत नाही. मात्र दोन गोष्टी मागता येतील. ३४ दिवसांप्रमाणे टप्पे लावलेत का ते तपासून घ्यायचं, आणि रक्कम हप्त्यांत भरण्याची परवानगी मागायची. अर्जात दुरुस्तीची पावती जोडा, तारीख लिहा, पोच घ्या.

रानवारा
मी असतो तर अर्जाचं उत्तर येईपर्यंत भरलं नसतं.

अबोली
रानवारा, ते जोखमीचं आहे. मुदत उलटली की विलंब आकार चढतो, आणि जोडणी तोडण्याची नोटीस आली की आपण बचावाच्या बाजूला जातो. माझ्या वेळी मी "तक्रार कायम ठेवून भरणा करत आहे" असं लेखी देऊन भरलं होतं. दुरुस्तीनंतरची रक्कम पुढच्या बिलात वळती झाली. बिलात चूक असल्याचा पुरावा हातात असेल तर वाद जरूर घाला. नीलमोहरच्या बाबतीत युनिट खरे आहेत, तिने हप्ते मागावेत.

नीलमोहर
पटलं. उद्या हप्त्यांचा अर्ज देते. दिवसांचा हिशोबही विचारते.

टकमक
धागा वर काढतेय. तुमचं सगळं वाचून आमच्या आरसीसीबीवरचं "टी" लिहिलेलं बटण आज पहिल्यांदा दाबलं. काहीच झालं नाही. वीज चालूच राहिली. हे ठीक आहे का?

वायरमनकाका
नाही, ठीक नाही. वीजपुरवठा चालू असताना ते बटण दाबलं की आरसीसीबी खाली पडलाच पाहिजे. पडत नसेल तर तो निकामी आहे किंवा जोडणी चुकलीय, आणि आज त्याचं संरक्षण तुम्हाला नाही. उद्याच माणूस बोलवा, जोडणी तपासून नवा बसवून घ्या. तोपर्यंत गीझर एमसीबीवरून बंद ठेवा. बाकीच्यांनीही महिन्यातून एकदा ते बटण दाबावं. पडला की वर करायचा, झालं.

टकमक
गीझर बंद केला. माणसाला फोन केलाय, सकाळी येतोय.